भांडं घासून चकचकीत केलं तरी चार दिवसांत परत काळं होतंय? आधी काळं कशामुळे झालंय ते बघा

एखादं पातेलं कधीतरी करपतं, ते भिजत घालून घासलं की निघतं, त्याचं फार काही वाटत नाही. वैताग येतो तो तेच पातेलं, त्याच जागी, आठवड्याभरात परत काळं झालं की. मग तारेची घासणी अजून जोरात चालवायची, मग व्हॉट्सॲपवर आलेला व्हिनेगर-सोड्याचा प्रयोग करायचा, आणि शेवटी कुणीतरी सांगतं म्हणून बाथरूमचं ॲसिड ओतायचं, इथपर्यंत लोक जातात. त्यात भांड्याची वाट लागते, हाताची लागते, आणि काळं परत येतंच.

घासणी हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी ठरवा. एक, भांडं कशाचं आहे. दोन, हे काळं नक्की कुठलं काळं आहे. कारण सगळं काळं सारखं नसतं, आणि स्टीलला जे एकदम लागू पडतं त्यानेच ॲल्युमिनियम अजून काळं होतं.

भांडं कशाचं ते बहुतेकांना माहीत असतं पण जुन्या भांड्यांचं खात्रीने सांगता येत नाही. वजनाला हलकं, राखाडी, घासलं की हाताला काळपट लागतं ते ॲल्युमिनियम, गावाकडे ज्याला जर्मल म्हणतात ते. हिंडालियमची जाड कढई पण त्याच घरातली. चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड किंवा बीड, म्हणजे ओतीव लोखंड. चांगल्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, फक्त इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला चिकटतो कारण तिथे मुद्दाम चुंबकाला ओढणारा थर दिलेला असतो. पितळ-तांबं तर रंगावरूनच कळतं.

आता काळं कुठलं ते बघायचं. कोरडं बोट फिरवा. बोटाला काळं लागलं तर ती काजळी, म्हणजे गॅसची ज्योत बिघडलीय. बोटाला काही लागत नाही, पण हाताला गुळगुळीत किंवा किंचित चिकट लागतं आणि कडेला तपकिरी-पिवळट दिसतं तर ते जळून घट्ट झालेलं तेल. आतल्या बाजूला खरखरीत जाड थर आहे, नखाने टवका निघतोय, तर ते अन्न करपलंय. आणि कुकरच्या आत जिथपर्यंत पाणी असतं तिथपर्यंतच एकसारखा काळा-राखाडी पट्टा आहे, हात फिरवला तर खाली-वर काहीच जाणवत नाही, तर ते करपलेलं नाहीचये, तो धातूच काळा पडलाय. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत.

आधी सगळ्यात जास्त होणारं घ्या, स्टीलचं पातेलं आतून करपलंय. दूध लागलंय, भात लागलाय, खिचडी लागलीय, काहीही. इथे जोर लावायचाच नाही. करपलेला भाग पूर्ण बुडेल एवढं पाणी घाला, साधारण लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा खायचा सोडा, आणि गॅसवर ठेवून १०-१५ मिनिटं मंद उकळू द्या. उकळता उकळता लाकडी उलथण्याने बूड हलकेच खरवडत रहा, खरपुडीचे टवके सुटून वर यायला लागतात. मग गॅस बंद करून तसंच झाकून ठेवा, रात्रभर राहिलं तर उत्तम. सकाळी पाणी ओतून दिलं की बरंचसं बरोबर जातं आणि उरलेलं साध्या हिरव्या स्क्रबरने निघतं. एकदा पुरलं नाही तर दुसऱ्यांदा उकळा, पण तारेची घासणी नको.

सोडा का चालतो, तर करपलेल्या दुधात-डाळीत प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात आणि सोडा अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट, असल्यामुळे त्यांना फोडतो. आणि अजून एक गोष्ट, जी लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं: खायचा सोडा पाण्यात उकळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तो हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो, जो जास्त जहाल आहे. म्हणून थंड पाण्यात सोडा टाकून ठेवलेलं भांडं तितकंसं निघत नाही आणि उकळलेलं निघतं. स्टीलला हे चालतं. ॲल्युमिनियमला अजिबात चालत नाही, ते पुढे येतंच.

आता तो व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतायचा प्रकार. फसफस खूप होते, बघायला बरं वाटतं, पण एक आम्ल आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. ते बुडबुडे पातळसा राप थोडा हलवतात, इतकंच. वापरायचं तर वेगवेगळं वापरा, आधी सोड्याने करपलेलं काढायचं, भांडं स्वच्छ धुवायचं, आणि मग जे पांढरे डाग किंवा इंद्रधनुष्यासारखे निळे-जांभळे पट्टे स्टीलवर राहतात त्यावर लिंबाची फोड किंवा व्हिनेगर चोळायचं. पांढरे डाग हे पाण्यातल्या क्षारांचे, ते आम्लानेच जातात. निळसर पट्टे म्हणजे भांडं जास्त तापल्यावर स्टीलवरचा ऑक्साइडचा थर जाड झालेला असतो, तब्येतीला त्याचं काही नाही, आवडत नसेल तर लिंबू चोळा.

गूळ-साखर करपली असेल, म्हणजे पुरणपोळी फुटून पुरण बाहेर आलं किंवा पाक करताना लक्ष नव्हतं, तर सोड्याचीही गरज नसते. नुसतं भरपूर पाणी घालून उकळा, साखर पाण्यात विरघळते. अगदी कोळसा झालेला थर विरघळत नाही पण त्याच्या आजूबाजूची साखर विरघळली की तो आपोआप सुटतो. पाक घट्ट झालेल्या भांड्यावर चमचा आपटू नका, बुडाला पोचे येतात आणि पोचा आलेलं बूड गॅसवर सपाट बसत नाही, मग पुढच्या वेळी तिथेच करपतं.

तापलेल्या करपलेल्या भांड्यात लगेच नळाखाली थंड पाणी सोडायचं नाही, हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं. चर्र आवाज येतो ना, त्यात बूड वाकतं. जाड सँडविच बुडाचं भांडं असेल तर थर सुटायची भीती, आणि बिडाचा तवा असेल तर सरळ तडकतो. आधी निवू द्या.

आता ॲल्युमिनियम, आणि त्यात मुख्य म्हणजे कुकर. दर दोन दिवसांनी कुकर आतून काळा होतो, घासला की पांढरा होतो, परत बटाटे उकडले की काळा. ह्याला कारण पाणी. बोअरवेलचं नाहीतर टँकरचं पाणी बहुतेक जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं, पुण्याच्या आसपासच्या नव्या सोसायट्यांत किंवा मराठवाड्यात राहणाऱ्यांना गीझर आणि नळाच्या तोंडावरचे पांढरे थर बघून हे सांगायलाच नको. असं पाणी उकळलं की ते अजून अल्कलीकडे झुकतं, आणि गरम अल्कली पाण्यात ॲल्युमिनियमवरचा पातळ थर बदलून काळपट होतो. तो घाण नाही, करपलेलं नाही, म्हणून साबणाने जात नाही आणि घासणीने जातो तो धातूचाच थर खरवडून जातो.

त्यावर इलाज आंबट. चिंचेचं बुटुक, पिळून झालेली लिंबाची सालं, भाजीतनं काढून टाकलेली आमसुलं, जे घरात असेल ते. कुकर काळ्या पट्ट्याच्या वर येईल इतका पाण्याने भरा, आंबट टाका, झाकण न लावता १०-१५ मिनिटं उकळा, तेवढ्यात आतून पांढरा होतो. किराण्याच्या दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, त्याचा लहान चमचाभर लिटरभर पाण्याला पुरतो. ते पाणी ओतून द्यायचं, भांडं साबणाने धुवायचं.

पण परत काळा होऊ नये म्हणून करायचं ते ह्याहून सोपं आहे, आणि तरी कितीतरी घरांत करत नाहीत. कुकरच्या डब्यांखाली जे पाणी घालतो त्यातच रोज चिंचेचा बारीक तुकडा किंवा लिंबाचं साल टाकायचं. आमच्या सासूबाई हे न चुकता करतात, त्यांच्या कुकरचा आतला भाग कधी काळा दिसलाच नाही. पाणी थोडं आंबट राहिलं की तो थर धरतच नाही. फक्त हे डब्यांत भात-वरण लावत असाल तेव्हाचं, थेट कुकरमध्ये डाळ शिजवत असाल तर आंबट घालू नका, डाळ शिजायला उशीर लागतो.

आणि काळ्या पडलेल्या ॲल्युमिनियमच्या टोपात एकदा टोमॅटोचं सार केलं की टोप आपोआप पांढरा होतो, हे बऱ्याच जणांनी बघितलं असेल आणि त्याचा आनंदही मानला असेल. तो थर गेला कुठे, तर सारात. म्हणून चिंच-कोकम-टोमॅटो घातलेलं, ताकाची कढी, लोणच्याचा खार वगैरे साध्या ॲल्युमिनियममध्ये करू नये, निदान त्यात ठेवू तरी नये, शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढा.

ॲल्युमिनियमला सोडा का नाही, तर अल्कली त्या धातूलाच खाते. धुण्याचा सोडा टाकून उकळलं तर भांडं आधी काळं पडतं, मग खरखरीत होतं, बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत पुढच्या वेळी अन्न धरतं. नाली साफ करायच्या कॉस्टिक पावडरीचं तर नावच काढू नका, ती ॲल्युमिनियमवर पडली की जोरात उकळी फुटते आणि हायड्रोजन निघतो, तो पेटणारा वायू आहे. मग जर्मलच्या टोपात दूध लागलं तर काय करायचं? गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड, रात्रभर. सकाळी लाकडी उलथण्याने किंवा नारळाच्या शेंडीने खरवडा. राहिलं तर परत गरम पाणी-लिक्विड. वेळ लागतो पण निघतं, आणि शेवटी काळसर राहिलं तर चिंचेचं पाणी उकळा.

हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे ती काळपट-करडी भांडी, ती पण आतून ॲल्युमिनियमच. त्यांचा काळा रंग मुद्दाम दिलेल्या ऑक्साइडच्या कडक थराचा असतो. सोडा, तारेची घासणी, डिशवॉशरची पावडर ह्याने तो थर फिका पडतो, एकदा गेला की घरी परत आणता येत नाही. त्यांना फक्त गरम पाणी, लिक्विड आणि मऊ स्पंज.

नॉनस्टिक, म्हणजे घरोघरी ज्याला निर्लेपचा तवा म्हणतात तो, त्यावर तपकिरी राप चढतो आणि मग डोसा चिकटायला लागतो. लोकांना वाटतं कोटिंग गेलं. बरेचदा कोटिंग शाबूत असतं, वर तेलाचा जळका थर बसलेला असतो. त्यात पाणी आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाचेक मिनिटं उकळा आणि मऊ स्पंजने पुसा, तेवढं पुरतं. खरवडायचं मात्र काहीच नाही. आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून विसरू नका, ह्या कोटिंगला साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये, त्याच्या बरंच वर गेलं की ते मोडायला लागतं आणि जो धूर निघतो त्याने पिंजऱ्यातले पक्षी मरतात. घरी लव्हबर्ड्स किंवा पोपट असेल तर हे फार मनावर घ्या.

लोखंडी तवा आणि कढई. इथे एक विनंती, आतला काळा गुळगुळीत थर काढू नका. ते जळकं तेलच आहे, पण चांगल्या अर्थाने, पातळ पातळ थरांनी बसून घट्ट झालेलं, त्याच्यामुळेच भाकरी-डोसा सुटतो आणि गंज चढत नाही. नवीन कामाला लागलेल्या मावशींनी आपल्या भल्यासाठी म्हणून तवा पांढरा होईपर्यंत घासून ठेवला की पुढचे दहा डोसे चिकटतात. त्यांना आधी सांगून ठेवायला हवं की बाई, हा असाच काळा राहू द्या.

काढायचं ते काय, तर वर टवके-टवके झालेलं, खरखरीत, अन्नाचे कण जळून बसलेलं. तवा कोमट असताना जाडं मीठ टाकून नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने चोळा, पुसा, गरम पाण्याने धुवा, लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. पातळ म्हणजे खरंच पातळ, तेल लावून परत कोरड्या फडक्याने पुसून काढल्यासारखं. जाड लावलं की ते चिकट होतं आणि धूळ धरतं, मग परत तुम्ही म्हणणार तवा खराब झाला.

आणि कढईच्या बाहेरून वर्षानुवर्षांचा अर्धा सेंटीमीटर थर बसलाय, तर घरात कितीही घासा, निघणार नाही. बिनहँडलची, संपूर्ण लोखंडी कढई असेल तर गावाकडे अंगणात चुलीवर किंवा निखाऱ्यांवर उपडी टाकून चांगली तापवतात, सगळा थर जळून राख होतो, निवली की घासली जाते. मग तिला नव्याने तेल लावून ३-४ वेळा तापवावी लागते. हे फक्त लोखंडासाठी. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या आधीच मऊ पडतं, तेव्हा ते निखाऱ्यात टाकू नका. बीड असेल तर हळूहळू तापवा आणि हळूहळू निवू द्या.

पितळी पातेल्यांचं वेगळंच आहे. बाहेरून चिंच-मीठ, लिंबू-मीठ, पितांबरी, काय हवं ते चालतं. आतून कल्हई असते, ती कथलाची, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे कल्हईचं भांडं रिकामं तापवलं किंवा आतलं सगळं आटून करपलं तर कल्हई वितळून गोळे होतात, काळे-पिवळे डाग दिसतात. ते करपलेलं समजून घासत बसलात तर उरलेली कल्हई पण जाईल. आत काही लागलं असेल तर कोमट पाण्यात लिक्विड घालून भिजवा, मऊ स्पंज, बास. राख, वाळू, तार काही नको. पिवळं पितळ दिसायला लागलं की कल्हईवाला शोधा, नवसागर आणि कथील लावून तो दहा मिनिटांत भांडं नवं करून देतो. तोवर त्यात आंबट अजिबात नाही, ताक-वरण कळकतं ते ह्याच्याचमुळे आणि ते पोटाला बाधतं.

आता बाहेरचं काळं, आणि खरं सांगायचं तर परत परत येणाऱ्या तक्रारीतला मोठा भाग हाच असतो. भांडं बदलून, घासणी बदलून, साबण बदलून काही होत नाही कारण दुखणं शेगडीत असतं.

काजळी, म्हणजे बोटाला लागणारी. गॅस नीट जळला तर ज्योत निळी असते आणि भांडं काळं होतच नाही. पिवळी-केशरी टोकं दिसायला लागली म्हणजे हवा कमी मिळतेय, गॅस अर्धवट जळतोय आणि उरलेला कार्बन भांड्याच्या बुडाला बसतोय. अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, तो विषारी आहे आणि त्याला वास नसतो, म्हणून हा नुसता भांड्याचा प्रश्न धरू नका, खिडकी उघडी ठेवा आणि शेगडी लवकर बघा. बहुतेक वेळा बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं दूध आणि वरणाचे कण जळून बसलेले असतात. सिलिंडरचा नॉब बंद करा, शेगडी निवू द्या, पितळी बर्नर उचलून गरम पाण्यात लिक्विड आणि लिंबू घालून तासभर ठेवा, मग एकेक भोक सेफ्टी पिनने मोकळं करा, ब्रश मारा, धुवा आणि पूर्ण वाळवा. ओला बर्नर लावला की ज्योत फडफडते आणि परत पिवळी दिसते, मग वाटतं काहीच फरक नाही पडला. बसवताना तो खाचेत नीट बसलाय ना ते बघा, तिरका बसला तर एका बाजूने ज्योत लांब येते.

एवढं करूनही पिवळी असेल तर शेगडीच्या खालच्या नळीत हवा जायची जागा असते तिथे जाळी-कचरा किंवा झुरळ अडकलेलं असू शकतं. त्याच्या आतला बारीक जेट मात्र स्वतः पिनने टोकरू नका, त्याचं भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि काजळी वाढते. तिथे मेकॅनिकच बोलवा. सिलिंडर संपत आला असताना ज्योत थोडी पिवळी होणं नेहमीचं आहे, नवीन लावल्यावर गेली तर काळजी नको.

काजळी स्वतः सहज निघते, कोरड्या कागदाने आधी पुसून काढा आणि मग साबण. ओल्या हाताने सुरुवात केली की सगळ्या सिंकभर होते. चुलीवर स्वयंपाक होतो तिथे काजळी चुकत नाही, म्हणून भांडं चुलीवर ठेवायच्या आधीच बुडाला राख किंवा माती कालवून लेप देतात, नंतर धुताना लेपाबरोबर काळंही जातं. फार्महाऊसवर किंवा अंगणात सरपणावर स्वयंपाक करणाऱ्यांनी पण हे करावं, नंतरचा निम्मा त्रास वाचतो.

बोटाला न लागणारं बाहेरचं काळं हे तेल. कढईतून ओघळलेलं, फोडणीचं उडालेलं, वरणाचा ओघळ, आणि भांडी घासताना आतून नीट पण बाहेरून वरवर घासल्याने राहिलेला पातळ थर. तो रोज तापतो, रोज थोडा घट्ट होतो, महिन्याभरात कातडीसारखा बसतो. म्हणूनच तो परत परत येतो असं वाटतं, खरं तर तो पूर्ण गेलेलाच नसतो. स्टीलला उपाय असा की त्या पातेल्याहून मोठं स्टीलचं भांडं घ्या, त्यात पाणी आणि लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, आणि काळ्या बुडाचं पातेलं त्यात बसवून अर्धा तास मंद उकळा. मोठं भांडं नसेल तर धुण्याच्या सोड्याची पेस्ट लावून वर ओलं सुती फडकं घट्ट गुंडाळून, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून रात्रभर ठेवा. वाळू द्यायचं नाही हेच महत्त्वाचं, वाळलं की काम थांबतं. हातमोजे घाला, धुण्याचा सोडा हाताची साल काढतो. ॲल्युमिनियमच्या बाहेरच्या तेलाला सोडा चालत नाही, तिथे गरम पाणी-लिक्विडमध्ये भिजवणं आणि चिकाटी एवढंच आहे.

करपलेल्याचा आकार पण बघत जा, त्यातून खूप कळतं. गोल कडं करपलंय म्हणजे ज्योतीच्या बरोबर वरचा भाग, पातळ स्टीलमध्ये हे नेहमी होतं, कारण स्टील उष्णता फार हळू पसरवतं, ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून जास्त भराभर आणि तांबं त्याहूनही. त्या पातेल्यात दूध, खीर, बासुंदी असं घट्ट काही करायचं असेल तर खाली जुना लोखंडी तवा ठेवा. एकाच बाजूला करपतंय म्हणजे बर्नरची अर्धी भोकं बंद आहेत किंवा शेगडीची वरची जाळी वाकलीय, पातेलं फिरवून ठेवून बघा, डाग भांड्याबरोबर फिरला तर दोष भांड्याचा, त्याच बाजूला राहिला तर शेगडीचा. अगदी मधोमध करपतंय तर बूड खाली फुगलंय. भांड्याच्या कडा आणि कान काळे होतायत म्हणजे भांडं लहान आणि ज्योत मोठी, ज्योत बुडाच्या बाहेर येऊ देऊ नका, तो गॅसही फुकट जातो.

आणि दरवेळी त्याच ठिपक्यावर लागत असेल तर तिथे चरे आहेत. तारेच्या घासणीने पाडलेल्या बारीक रेघांमध्ये दुधाची प्रथिनं अडकतात, तिथून करपायला सुरुवात होते, मग तिथेच जास्त घासलं जातं, चरे अजून खोल. तारेचे तुकडे तुटून जेवणात येतात ते वेगळंच. दूध तापवायच्या आधी पातेल्यात घोटभर पाणी फिरवून ते न पुसता वर दूध ओतायची जुनी सवय आहे, ती चांगली आहे, ठेवा.

बाथरूमचं ॲसिड जेवणाच्या भांड्याला लावू नका. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, स्टीलवर खड्डे पाडतं. ब्लीच पण स्टीलला खातं. आणि ही दोन चुकून एकत्र आली तर क्लोरीन वायू होतो, बंद मोरीत श्वास अडकतो. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हातात तर अशी बाटली देऊच नका. करपलेलं भांडं असेल ते रात्रीच पाणी घालून उकळून भिजवून ठेवणं हे आपलं काम, सकाळी कोरडं ठणठणीत करपलेलं पातेलं त्यांच्यापुढे टाकायचं आणि वर निघालं नाही म्हणून बोलायचं हे बरोबर नाही. त्यांच्यासाठी हातमोज्याची जोडी आणून ठेवा, महाग नसते.

शेवटचं कुकरचं, कारण ह्यात जिवाला धोका आहे. पाणी संपून कुकर कोरडा तापला, डाळ कोळसा झाली, तर गॅस बंद करून लांब व्हा, पूर्ण निवल्याशिवाय उघडू नका, पाणी ओतू नका. नंतर घासून चकचकीत केला तरी लगेच वापरायला काढू नका. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू असतो, कोरडा तापला की तो वितळायलाच ठेवलेला असतो, तो गेला असेल तर नवीन व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घाला, दुसरं काही खुपसून भोक बंद करू नका. रबराची रिंग तापून कडक झाली असेल तर बदला, शिट्टीच्या नळीतून आरपार उजेड दिसतोय ना ते बघा, हँडलचे स्क्रू आवळा. बूड फुगलं असेल, झाकण नीट बसत नसेल, तर तो कुकर मोडीत द्या. तसंच आतून खड्डे पडलेलं ॲल्युमिनियमचं भांडं आणि पापुद्रे निघणारा नॉनस्टिक तवा, ह्यांच्यावर आता मेहनत घेऊ नका, भांड्याच्या दुकानात मोड घेतात तिथे देऊन टाका.